कॅमेरा थांबतो तिथून पुढे

आमच्या समाजकार्य महाविद्यालयात फिल्म क्लबतर्फे 'द डे माय गॉड डाय्ड' हा माहितीपट दाखवला गेला आणि पुढच्याच आठवड्यात भित्तिपत्रकावर एका वर्गमित्राचा लेख लागला. लेख कळकळीनं लिहिलेला आहे, त्यातल्या संतापाबद्दल माझी तक्रार नाही. माहितीपट संपल्यावर सभागृहात कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता, माझ्याही नाही. पण तो लेख ज्या मागणीवर येऊन थांबतो, ती मागणी ज्या बायकांसाठी केली आहे त्यांच्याच मुळावर येणारी आहे. पुण्यातली बुधवार पेठ, मुंबईतला कामाठीपुरा यांसारख्या वस्त्या कायमच्या उठवाव्यात, पोलिसांनी धाडी घालून तिथल्या सगळ्या बायकांची सुटका करावी, असं त्यात म्हटलं आहे. पोलीस आयुक्तांना द्यायच्या निवेदनाचा मसुदाही शेजारी डकवला आहे. वर्गातल्या बहुतेकांनी त्यावर सह्या केल्या. मी केली नाही, तेव्हा 'तुला त्या मुलींचं काहीच वाटत नाही का?' असं मला विचारलं गेलं. त्या प्रश्नाला हे उत्तर.

आधी जे मान्य आहे ते सांगते. अँड्र्यू लेव्हिन यांचा हा माहितीपट 2003 सालचा. नेपाळमधून फसवून आणलेल्या आणि मुंबईच्या कुंटणखान्यांत विकलेल्या मुली त्यात स्वतः बोलतात, काही दृश्यं छुप्या कॅमेऱ्यानं टिपलेली आहेत. त्यात दाखवलं ते घडत होतं. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं 1995 मध्येच या व्यापारावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. रुचिरा गुप्ता यांचा 'द सेलिंग ऑफ इनोसंट्स' 1996 मध्ये आला, तोही याच मुलींबद्दल होता. सिंधुपाल्चोक, नुवाकोट अशा काठमांडूच्या आसपासच्या डोंगरी जिल्ह्यांतून मुली यायच्या. काही थेट गावातून, काही काठमांडूच्या गालिच्यांच्या कारखान्यांतून. नेणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असायचा, कधी लांबचा काका, कधी लग्नाचं वचन दिलेला पोरगा. भारत-नेपाळ सीमा खुली, पासपोर्ट लागत नाही, त्यामुळे अडवणारं कुणी नाही.

आणि इथं आल्यावर तिला कोंडून ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे हिशेब. दलालाला मोजलेली रक्कम तिच्या नावावर कर्ज म्हणून चढते. त्यावर व्याज, मग जेवणाचा खर्च, कपड्यांचा, औषधांचा, पोलिसांच्या हप्त्यातला तिचा वाटा. वही घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईकडे. मुलीला ती वाचता येत नाही आणि दाखवलीही जात नाही. गिऱ्हाइकं किती झाली याचा हिशेब ती मनात ठेवते, पण फिटलं किती ते घरवाली सांगेल तेच खरं. ही गुलामगिरी आहे, त्यात दुसरं मत असू शकत नाही. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत संमती हा शब्दसुद्धा उच्चारायचं कारण नाही. तिला तिथून काढलंच पाहिजे आणि तिला विकणारा तुरुंगात गेलाच पाहिजे.

माझं भांडण पुढच्या भागाशी आहे. असे माहितीपट साधारणपणे दार फोडलं जातं तिथपर्यंत आपल्याला नेतात. मुलगी बाहेर येते, गाडीत बसते, एखाद्या आश्रमाच्या अंगणात इतर मुलींबरोबर दिसते. माझ्या वर्गमित्रानं तिथंच गोष्ट संपली असं धरलं आणि म्हणून त्याला जास्तीत जास्त दारं फोडावीत असं वाटतं. दार फोडल्यावर काय होतं याचा सगळ्यात मोठा दाखला मुंबईतच आहे आणि तो या माहितीपटाच्या आधीचा आहे.

1996 च्या सुरुवातीला, वर्तमानपत्रांतल्या बातम्यांची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून आदेश दिले आणि फेब्रुवारीत पोलिसांनी कुंटणखान्यांवर मोठ्या धाडी घातल्या. शेकडो मुली आणि तरुणी ताब्यात घेतल्या गेल्या, त्यात नेपाळच्या दोनशेहून अधिक. त्यांना सरकारी सुधारगृहांमध्ये ठेवण्यात आलं. तिथं जागा पुरेशी नव्हती, काहीजणी आजारी होत्या, काही तिथंच दगावल्या. नेपाळ सरकार त्यांना परत घ्यायला तयार होईना. या आमच्याच मुली आहेत याला पुरावा काय, असा प्रश्न तिकडून आला. त्या एचआयव्ही घेऊन येतील, ही भीतीही उघडपणे बोलून दाखवली गेली. कागदपत्रं त्यांच्याकडे असणार कुठून? विकली गेलेली मुलगी नागरिकत्वाचा दाखला बरोबर घेऊन निघत नाही. शेवटी नेपाळमधल्या काही स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेतला आणि जुलैमध्ये शंभरहून अधिक मुली परत गेल्या. म्हणजे 'सुटका' झाल्यानंतरचे पाच-सहा महिने त्या कुलपातच होत्या.

परत गेलेल्यांपैकी काहीजणींनी मिळून त्याच वर्षी शक्ती समूह ही संघटना उभी केली. नेपाळमध्ये त्यांना नागरिकत्वाचा दाखला मिळेना, कारण त्यासाठी वडिलांनी किंवा नवऱ्यानं शिफारस करायची आणि घरच्यांनी तर दार लावलेलं. त्या दाखल्यासाठी त्या लढल्या. त्यांच्यातल्या चारीमाया तामांग यांनी आपल्याला विकणाऱ्यांविरुद्ध स्वतः फिर्याद दिली. अशी फिर्याद देणारी ती नेपाळमधली पहिली स्त्री. 1997 मध्ये आठ जणांना शिक्षा झाली. 2013 मध्ये शक्ती समूहाला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वर्गमित्राच्या लेखात नेपाळी मुली आहेत, त्यांचे अश्रू आहेत, त्यांचा एचआयव्ही आहे. त्यांनी संघटना काढली, खटला लढवला आणि जिंकला, हे त्यात नाही. आठ माणसं तुरुंगात गेली ती एका बाईनं उभं राहून साक्ष दिल्यामुळे. ती साक्ष द्यायला ती मोकळी असावी लागते, तिच्या मागे वकील लागतो, राहायला जागा लागते, खटल्याच्या तारखेपर्यंत पोटाला लागतं. एवढी मोठी धाड पडली आणि यातलं काहीही सरकारनं त्यांना दिलं नव्हतं.

'ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं झालं,' असं मला सांगण्यात आलं. मग आताचं सांगते. माझं फिल्डवर्क बुधवार पेठेत आहे. तिथल्या एका खोलीत, प्लायवूडची आडभिंत घालून केलेल्या दोन भागांपैकी आतल्या भागात, एक बाई राहते. मूळची उत्तर कर्नाटकातली, चाळिशी ओलांडलेली. विटांवर उंच केलेली खाट, खाली पत्र्याची पेटी, पेटीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. बँकेचं पासबुक, मुलीचं दहावीचं गुणपत्रक आणि न्यायालयाच्या आदेशाची एक झेरॉक्स, घड्यांवर विरलेली. "ताई, इंग्रजी येतं ना तुम्हाला? यात काय लिवलंय तेवढं सांगा," म्हणाली. कागद काही वर्षांपूर्वीचा होता. धाडीत तिला उचललं होतं आणि कलम 17 खाली सुधारगृहात पाठवलं होतं, मुदत एक वर्ष. वयाच्या रकान्यात 'अंदाजे 35'. तिला सोडा म्हणून तिच्या आईनं अर्ज केला होता. तो फेटाळला, कारण परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात आईची परिस्थिती ताबा देण्यायोग्य नाही असं म्हटलं होतं. पस्तीस वर्षांची बाई, एका मुलीची आई, आणि तिचा ताबा कुणाकडे द्यायचा याचा निकाल त्या कागदात होता.

मी वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "पंधराव्या वर्षी आणलं मला, तवा कुणी आलं नाही. आले ते पोरगी दहावीला होती तवा." बाहेर यायला वकील लावला, त्याचे पैसे घरवालीकडून उचलले, मुलीच्या फीसाठी सावकाराकडून. सुटून आल्यावर ती दोन्ही कर्जं फेडत राहिली. जिनं पहिलं कर्ज पंधरा वर्षं अंगावर फेडलं होतं, त्यातून मोकळी होऊन ज्या बाईनं स्वतःच्या नावाचं पासबुक काढलं होतं, तिला आपल्या कायद्यानं परत वहीत बसवलं. माझा सगळा विरोध या एका गोष्टीला आहे.

हे अपवादानं घडलेलं नाही. 1956 च्या अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायद्याची रचनाच तशी आहे. कलम 17 नुसार दंडाधिकारी चौकशी करून बाईला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. कलम 8 नुसार गिऱ्हाईकाला खुणावलं तर शिक्षा तिला. कलम 4 तर वाचून पाहावं. दुसऱ्या कुणाच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून जगणारी अठरा वर्षांवरील कुणीही व्यक्ती गुन्हेगार ठरते. दलालासाठी केलेलं हे कलम तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलालाही लावता येतं आणि तिनं गावी पैसे पाठवले तर म्हाताऱ्या आईलाही. 2020 च्या सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर मालाडच्या धाडीत सापडलेल्या तीन तरुणींचं प्रकरण आलं. तिघीही विशीतल्या, सज्ञान. खालच्या न्यायालयानं त्यांना उत्तर प्रदेशातल्या वसतिगृहात पाठवायचा आदेश दिला होता. न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तो रद्द केला. वेश्याव्यवसाय हा या कायद्यानं मुळात गुन्हा ठरवलेला नाही, सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अडकवून ठेवता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मासकर प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानानं वागावं आणि इच्छेविरुद्ध संरक्षणगृहांत ठेवलेल्या बायकांचा शोध घेऊन त्यांना सोडावं. स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला अटक करू नये, दंड करू नये, छळू नये, ही न्यायालयानं नेमलेल्या समितीची शिफारसही त्या आदेशात नोंदवलेली आहे. आपण समाजकार्य शिकतो. आपल्या निवेदनात या निर्देशांचा उल्लेखसुद्धा नसावा?

आता वर्गमित्राचा सगळ्यात बळकट मुद्दा. तो विचारतो, 'स्वेच्छा' म्हणजे काय? गरिबीनं, जातीनं, नवऱ्यानं टाकल्यामुळे, मुरळी किंवा देवदासी म्हणून सोडल्यामुळे जी बाई इथं पोचली, तिनं निवड केली असं म्हणणं ही क्रूर थट्टा नाही का? आणि आज जी 'मी स्वखुशीनं करते' म्हणते, तिला लहानपणी विकलेलं नाही कशावरून? मी वर जिच्याबद्दल लिहिलं तिला लहानपणीच आणलं होतं, म्हणजे त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. पण त्यातून धाड टाकावी हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कुणी समजावून सांगावं. पंधराव्या वर्षी तिच्यावर झालेल्या गुन्ह्याची भरपाई म्हणून पस्तिसाव्या वर्षी तिला कोंडायचं? गुन्हा ज्यानं केला तो दलाल आज कुठं आहे, याचा शोध कुणी घेत नाही, कारण ते काम किचकट आहे, दुसऱ्या राज्यात जावं लागतं, जुने पुरावे गोळा करावे लागतात. तिला उचलणं सोपं आहे, ती पेठेत राहते.

आणि निवड संकुचित आहे म्हणून ती उरलेलीही काढून घ्यायची, हा कुठला न्याय? ऊसतोडीला जाणारी बाईही मुकादमाची उचल घेऊन बांधली जाते. तिच्यासाठी आपण किमान मजुरी मागतो, आरोग्य तपासणी मागतो, मुलांसाठी शाळा मागतो. तिला फडावरून उचलून वर्षभर कुलपात ठेवा, असं आपल्यापैकी कुणीही कधी म्हटलेलं नाही.

राहिला वस्त्या उठवण्याचा मुद्दा. गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरची वस्ती 2004 च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, बुलडोझर लावून पाडली. तिथं मुख्यतः कर्नाटकातल्या आणि आंध्रातल्या बायका होत्या. घरं गेली, पण व्यवसाय गेला नाही. तो लॉजमध्ये, भाड्याच्या खोल्यांत, फोनवर विखुरला. एका ठिकाणी होत्या तोवर संस्थेची कार्यकर्ती त्यांच्यापर्यंत पोचायची, निरोध पोचायचे, नवी पोरगी आली तर कळायचं. नागपूरच्या गंगाजमुना वस्तीला 2021 च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी अडथळे लावून टाळं ठोकलं, तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. कामाठीपुऱ्यात तर गल्ल्या रिकाम्या होत चालल्या आहेत त्या जागेच्या भावामुळे. पागडीची खोली मालकाच्या नाहीतर भाडेकरूच्या नावावर असते, खाटेचं भाडं रोज मोजणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. वस्ती उठली तर पुनर्विकासात तिला इंचभर जागा मिळणार नाही. 'शहरावरचा डाग पुसावा' असं वर्गमित्रानं लिहिलं आहे. त्या वाक्यात मला बाईची काळजी दिसत नाही, शहराची दिसते.

मग त्या चौदा वर्षांच्या मुलीचं काय, जी आत्ता या क्षणी कुठल्यातरी माळ्यावर असेल? हा प्रश्न माझाही आहे आणि त्याचं उत्तर पेठेतच आहे. नवी मुलगी आली हे सगळ्यात आधी शेजारच्या खोलीतल्या बाईला कळतं. पोलिसांना कळतं ते नंतर, माहितीपट करणाऱ्याला त्याच्याही नंतर. कोलकात्यात सोनागाचीच्या बायकांनी 1995 मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती स्थापन केली. त्यांनी स्वनियमन मंडळं नेमली. नव्यानं आलेल्या प्रत्येकीला ही मंडळं भेटतात, वयाची शंका असेल तर डॉक्टरकडे नेतात, अल्पवयीन किंवा फसवून आणलेली निघाली तर धंद्यात बसू देत नाहीत. सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे व्हॅम्प, गेली अनेक वर्षं याच वाटेनं काम करते. या पद्धतीवर आक्षेप आहेत. संघटनेत घरवाल्याही असतात, मग त्या स्वतःविरुद्ध कशा जातील, हा त्यातला खरा आक्षेप आहे आणि त्यावर बाहेरून लक्ष ठेवलं पाहिजे. पण शेजारची बाई माहिती कधी देईल? पोलीस आले तर त्या मुलीबरोबर मलाही उचलून नेतील, माझ्या पोराला कलम 4 लावतील, ही भीती नसेल तेव्हा. सरसकट धाडींनी त्या चौदा वर्षांच्या मुलीचा सगळ्यात जवळचा साक्षीदारच गप्प बसवला जातो. निवेदनावर सही करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी या एका परिणामाचा तरी विचार करावा.

माहितीपटांनाही काही प्रश्न विचारले पाहिजेत. छुपा कॅमेरा नेला म्हणजे समोरच्या बाईची परवानगी घेतलेली नाही, हे उघड आहे. दलाल किंवा घरवाली पकडण्यासाठी तो नेला तर मी समजू शकते. पण तेच चित्रण पुढे वर्षानुवर्षं महाविद्यालयांतून, शिबिरांतून दाखवलं जातं, तेव्हा त्यात सापडलेल्या बायकांचं काय? 'बॉर्न इंटू ब्रॉथेल्स'ला 2005 मध्ये ऑस्कर मिळालं. सोनागाचीतल्या बायकांची मुलं त्यात चेहऱ्यानिशी जगभर दिसली. त्याच गल्ल्यांमध्ये तिथल्या बायका अनेक वर्षं संघटना चालवत होत्या, स्वतःची सहकारी पतसंस्था चालवत होत्या, ते त्यात आलं नाही. आज पोक्सो कायद्याच्या कलम 23 नुसार अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निर्देशांमध्ये धाडीच्या वेळी बायकांचे चेहरे दाखवू नयेत हेही आहे. तरी कुठं धाड पडली की ओढणीनं तोंड झाकलेल्या बायकांचं चित्रण संध्याकाळच्या बातम्यांत असतंच, आणि गिऱ्हाइकांचं कधीच नसतं.

ऐकून घेतलं तर सरकारलाही योग्य ते करता येतं, हे महाराष्ट्रानं दाखवलेलं आहे. करोनाच्या टाळेबंदीत या बायकांची चूल बंद पडली, तेव्हा संघटना न्यायालयात गेल्या. ओळखपत्राचा हट्ट न धरता त्यांना शिधा द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. राज्य सरकारनं 2020 च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा पाच हजार रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी अडीच हजार रुपये मंजूर केले. ते सगळ्यांपर्यंत पोचले नाहीत, नाव नोंदवायला अनेकजणी घाबरल्या. पण आपण ज्यासाठी निवेदनं द्यायला हवीत ते हे आहे. शिधापत्रिका, मुलांच्या दाखल्यावर फक्त आईचं नाव चालणं, रात्रीचं पाळणाघर, सावकाराऐवजी पतसंस्था. जिला बाहेर पडायचं आहे तिला कुलपाविना निवारा आणि खटला संपेपर्यंत वकील. आणि जिनं विकणाऱ्याचं नाव सांगितलं, तिच्या फिर्यादीवर परराज्यात जाऊन तपास करणारा अधिकारी.

भित्तिपत्रकाच्या संपादकांना आणि फिल्म क्लबला माझी विनंती आहे. निवेदन आयुक्तांकडे नेण्याआधी ते बुधवार पेठेत वाचून दाखवा. न्यायला मी तयार आहे, दुपारी बारा ते तीन ही वेळ तिथं त्यातल्या त्यात मोकळी असते. त्यातला शब्द न् शब्द ज्यांच्याबद्दल आहे त्यांना तो मराठीत, हिंदीत, कानडीत ऐकवा आणि त्या ज्या ओळी खोडायला सांगतील त्या खोडा. पुढचा माहितीपट दाखवाल तेव्हा चर्चेसाठी त्यांच्या संघटनेच्या प्रतिनिधीला बोलवा, प्रवासखर्च आणि मानधन इतर पाहुण्यांइतकंच द्या, आणि सभागृहात कुणीही मोबाइलवर चित्रण करणार नाही हे आधी जाहीर करा.